काठ्या दिसतात, कवी दिसत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका वाचनालयात भक्ती आणि परंपरा या विषयावर कविसंमेलन झाले. एका तरुणाने आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्यांवर, बरी कविता वाचली. बाराबंदी घातलेले मानकरी, संमती कट्टा, ‘हर्र बोला हर्र’चा गजर, सगळे होते तीत. चहाच्या वेळी सहज विचारले, ‘सिद्धरामेश्वरांची एखादी कविता येते का रे?’ तो म्हणाला, ‘काका, ते कविता करायचे?’

चूक त्याची नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेच्या, दिवसांत आपल्याच पेपरात पाळणे, शोभेची दारू आणि वाहतुकीतले बदल यांनी पाने भरतात. बाराव्या शतकातला हा शरण, म्हणजे शिवभक्त संत, आपल्या गावात तळे खोदतो, अडुसष्ट लिंगे स्थापतो आणि त्यासोबत वचनेही रचतो, हे मात्र कुठे येत नाही. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्या वचनांची मुद्रा. अभंगात शेवटी ‘तुका म्हणे’ येते ना, तशीच. वचनाला छंदाचे बंधन नाही, बोलल्यासारखे ते सरळ येते. भाषा कन्नड, आणि इथेच आमची पिढी अडली.

माझी आजी यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे तिथल्या प्रतीकात्मक लग्नाला, पदराच्या गाठीत तांदूळ बांधून न्यायची. ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ ऐकू आले की तिचे ओठ हलायचे. घरी येऊन जात्यावर बसली की ओव्या मात्र मराठी, विठोबाच्या. तिला त्यात काही वेगळे वाटत नसे. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. माझ्या मुलाला दोन्ही नाही.

(रामजोशींचेही तसेच. ते आपल्या सोलापूरचे. लावणीकार म्हणून ठाऊक आहेत, पण पुढे ते मोरोपंतांच्या आर्या घेऊन कीर्तने करत, हे किती जण सांगतील?)

नव्या कवींनी भक्तीवर जरूर लिहावे. पण ‘वारसा’, ‘संस्कृती’ असे शब्द एकापुढे एक मांडले की कविता होते, असे त्या संमेलनात अनेकांना वाटत असावे. आधी जुने कानावर पडू द्या.

म्हणून विनंती : येत्या यात्रेत पाच दिवस रोज एक वचन छापा, मूळ कन्नड देवनागरीत आणि खाली मराठी अर्थ. फक्त कन्नडातले ऱ्हस्व ए-ओ देवनागरीत कसे दाखवायचे ते जाणकाराला विचारून घ्या, नाहीतर बाळीवेशीतले कन्नड जाणणारे म्हातारे दुसऱ्या दिवशी सकाळीच कचेरीच्या दारात उभे राहतील.

आपला,
एक वाचक, सोलापूर