तारघरातली यंत्रं किलोवर विकू नका

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

माझे वडील लातूरला तारमास्तर होते. जेवता जेवता ताटाच्या कडेवर त्यांचं बोट चालायचं, कट्ट-कडकट्ट. आई रागवायची. समोरून येणारी खटखट ते नुसत्या कानाने ऐकत आणि हात थेट अक्षरं लिहीत जाई. पुढे टेलिप्रिंटर आले, छापील पट्ट्या फॉर्मवर चिकटवून तारा जाऊ लागल्या. वडिलांचा कान मात्र तसाच राहिला.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या दिवसांत ते घरी फक्त अंघोळीपुरते येत. एक म्हातारे बाबा आले होते, लेक फौजेत. "माय गेली, एवढंच कळवा," म्हणाले. वडील म्हणाले, "बाबा, 'ताबडतोब ये' असं घालू. साहेब तार बघूनच रजा देतो." बाबांनी धोतराच्या सोग्यातली नाणी मोजली, पुन्हा मोजली. वाढलेल्या शब्दांचे पैसे वडिलांनी भरले. हे त्यांनी आम्हाला फार वर्षांनी सांगितलं.

१८५०मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी सुरू झालेली ही तार फोन आणि मोबाइलपुढे टिकली नाही. २०११मध्ये ३० शब्दांना २७ रुपये झाले, १४ जुलै २०१३ला शेवटच्या तारा घेतल्या. सेवा बंद केली म्हणून माझी तक्रार नाही. तोट्यात किती दिवस चालवणार?

तक्रार पुढची आहे. वडील गेल्यावर एका तालुक्याच्या गावी जुनी कचेरी बघायला गेले. तार पाठवताना बोटाने खटखटवायच्या पितळी कळा, म्हणजे 'मोर्स की', कुठे आहेत, असं विचारलं, तर "भंगारात गेल्या, किलोवर," असं उत्तर मिळालं. ज्यावरून हजारो घरांत जन्म-मरण पोचलं, ते पितळ किलोवर!

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत उरलेली यंत्रं शोधून एका ठिकाणी चालू स्थितीत ठेवा. त्याहून घाईचं काम म्हणजे तेव्हाचे तारमास्तर आणि घरोघर तार पोचवणारे शिपाई. ते आता थकलेत. त्यांचे आवाज, त्यांची कडकट्ट आत्ताच ध्वनिमुद्रित करून घ्या.

वडिलांची सरावाची 'मोर्स की' माझ्याकडे आहे. ती द्यायला मी तयार आहे. पण काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर नको. ती वाजवून दाखवणारा माणूस आधी तिथे बसवा.

आपली,
एका तारमास्तरांची मुलगी, लातूर