डिपर लावूनही समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या एलईडी हेडलाइट बल्बविषयी तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: सदोष एलईडी बल्ब व खोक्यावरील दिशाभूल करणारा मजकूर

महोदय,

गेल्या जूनमध्ये मी आपल्या कंपनीची एच-फोर (अप्पर आणि डिपर एकाच बल्बमध्ये असलेल्या) एलईडी बल्बची जोडी 3,450 रुपयांना ऑनलाइन मागवली आणि 300 रुपये मजुरी देऊन गाडीत बसवून घेतली. माझ्या गाडीचे मूळ दिवे हॅलोजनचे, रिफ्लेक्टरचे (बल्बमागच्या खोलगट आरशाने उजेड पुढे फेकणारे) आहेत. खोक्यावर 'सर्व गाड्यांना चालतात' आणि 'समोरच्याच्या डोळ्यांना त्रास नाही' असे ठळक छापलेले होते. गावी जाताना ताम्हिणी घाट बहुधा रात्रीच उतरावा लागतो, म्हणून त्या मजकुरावर विसंबून मी ती घेतली.

जुलैमध्ये घाट उतरताना समोरून येणारी जवळपास प्रत्येक गाडी मला अप्पर-डिपर करून खुणावत होती. विळे गावाच्या अलीकडे एका एसटीचालकाने बस शेजारी थांबवून 'साहेब, अप्पर बंद करा की' असे सुनावले. मी डिपरवरच होतो. ते पटवून देण्यासाठी अप्पर लावून दाखवला, तर 'दोन्ही सारखेच दिसतात' एवढे म्हणून ते निघून गेले. त्यानंतर थोड्याच अंतरावर, मध्ये मूल आणि मागे पत्नी बसलेला एक दुचाकीस्वार माझ्या उजेडात रस्त्याची कड न दिसल्याने साइडपट्टीवर घसरला. वेग कमी होता, त्यामुळे कोणाला लागले नाही. मी गाडी उचलायला मदत केली. ते गृहस्थ मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

परत आल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही बल्ब ताडून पाहिले. जुन्या हॅलोजनचा डिपर भिंतीवर स्पष्ट रेघ आखतो. तिच्या वर अंधार राहतो आणि आपली वाहतूक डावीकडून असल्याने ती रेघ डाव्या बाजूला तेवढी वर चढते. आपल्या बल्बने ती रेघच पुसली गेली आणि उजेड थेट पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत पोहोचला. एच-फोर बल्बमधील डिपरच्या तारेखाली धातूची लहान वाटी असते, आणि त्या तारेची जागा धरूनच रिफ्लेक्टरचा आकार ठरवलेला असतो. तेथे वेगळ्या आकाराची एलईडी चिप किंचित सरकून बसली, तरी झोत नको तिकडे फाकतो. हे मला इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत समजावले, तेव्हा ते आपल्या तंत्रज्ञांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

आपल्या ग्राहक सेवा प्रतिनिधीच्या सांगण्यावरून मी फोकस खाली करून घेतला. त्यामुळे बॉनेटपुढचा रस्ता लख्ख झाला, पुढचे वळण अंधारात गेले आणि वर फाकणारा उजेड होता तसाच राहिला. धुक्यात तर तो पांढरा उजेड उलट माझ्याच डोळ्यांवर येतो.

माझा मुख्य आक्षेप पुढेच आहे. खोक्यातील घडीच्या कागदावर, भिंग घेऊनच वाचता येईल अशा इंग्रजी अक्षरांत, हे बल्ब सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाहीत असे लिहिलेले आहे. म्हणजे बाहेर एक आणि आत दुसरेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 106 प्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा असावा लागतो, आणि तसा खाली वळल्यावर दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले माणसाचे डोळे त्याने दिपता कामा नयेत. तो कागद मी आधी वाचला नाही ही माझी चूक मला मान्य आहे, परंतु 'बसवलेला माल परत घेतला जात नाही' हे आपले उत्तर मला मान्य नाही, कारण दोष बसवल्याशिवाय दिसणारच नव्हता.

तरी मजुरीसह 3,750 रुपये 15 दिवसांत परत करावेत, खोक्यावरील व संकेतस्थळावरील वरील दोन्ही दावे काढून टाकावेत आणि आतली सूचना खोक्याच्या दर्शनी भागावर मराठी व हिंदीत छापावी. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. बल्ब काढून ठेवले आहेत. ते आपल्या खर्चाने घेऊन जावेत.

सोबत: पावतीची प्रत, खोक्याची व आतील कागदाची छायाचित्रे, भिंतीवरील दोन्ही झोतांची छायाचित्रे.

कळावे,

आपला ग्राहक