अकोंकाग्वा मोहिमेसाठी आवाहन : निधी, उसने साहित्य आणि आपला थोडा वेळ

सस्नेह नमस्कार.

आमच्या गिर्यारोहण मंडळाची एक विद्यार्थिनी सदस्य येत्या डिसेंबर-जानेवारीच्या हंगामात अर्जेंटिनातील अकोंकाग्वा शिखरावर चढाई करणार असून, पदवीच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास सांभाळून ती गेले चौदा महिने त्याची तयारी करीत आहे. या मोहिमेसाठी आपल्याकडे मदत मागण्याचे मंडळाने ठरवले आहे. मसुदा करताना कार्यकारिणीत बराच खल झाला आणि त्यात एक निर्णय एकमताने झाला, तो आधीच सांगितलेला बरा : शिखरमाथा गाठण्याची अट घालून देऊ केलेली मदत, मग ती कितीही मोठी असो, मंडळ स्वीकारणार नाही. हा निर्णय काहींना आडमुठेपणाचा वाटेल, म्हणून त्यामागचे कारण जरा विस्ताराने मांडत आहोत.

अकोंकाग्वाची उंची सुमारे ६,९६१ मीटर आहे आणि आशिया खंडाबाहेर त्याहून उंच शिखर नाही. वायव्य बाजूच्या नेहमीच्या वाटेने जाताना बहुतेक ठिकाणी दोर लावावा लागत नाही, त्यामुळे ‘चालत जाण्याचे शिखर’ अशी त्याची ख्याती झाली आहे, आणि आमच्या मते हीच ख्याती लोकांना गोत्यात आणते. साधारण ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि माथ्यावर तो त्याहूनही कमी असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू निम्म्याहून कमी. त्यात तेथील लोक ज्याला ‘व्हिएंतो ब्लांको’ म्हणजे पांढरा वारा म्हणतात, ते वादळ सुटले की पुढची चार पावले दिसत नाहीत. माथ्याच्या अलीकडे ‘कानालेता’ नावाची घळ आहे. तिथे बर्फ नसेल तर निव्वळ घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारे सुटे दगड-गोटे असतात. एक पाऊल वर टाकावे आणि अर्धे खाली घसरावे, हा अनुभव डोंगरात फिरणाऱ्या प्रत्येकाला आहे. मात्र तो साडेसहा हजार मीटरच्या वर, पहाटेपासून चालून थकलेल्या शरीराने घ्यायचा, ही गोष्ट वेगळी.

या शिखराची पहिली नोंदलेली चढाई १८९७ साली झाली. एडवर्ड फिट्झजेराल्ड यांनी ती मोहीम उभी केली, तिचे नेतृत्वही केले आणि माथ्यासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. परंतु विरळ हवेचा त्रास होऊन त्यांना दर वेळी मागे फिरावे लागले. अखेर १४ जानेवारीला त्यांचे स्विस वाटाडे मथायस झुरब्रिगन एकटे माथ्यावर पोहोचले. स्वतः फिट्झजेराल्ड यांना हे शिखर कधीच साधले नाही. त्यांच्या जिद्दीत किंवा साधनांत काही कमी होते असे कोणी म्हणणार नाही. विरळ हवा कोणाच्या अंगाला मानवेल आणि कोणाच्या नाही, हे आधी सांगता येत नाही, आणि व्यायामाने कमावलेले शरीरही त्यातून सुटत नाही. उलट तगडी तरुण मुले वेगाने वर जातात आणि आधी आजारी पडतात, हे आम्ही आमच्याच मोहिमांत पाहिले आहे. डोकेदुखी आणि मळमळ यांवर गोष्ट थांबली तर ठीक. पण तरीही वर जाणे चालू ठेवले तर फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू शकते आणि तेव्हा ताबडतोब खाली उतरणे हाच मुख्य उपाय असतो. अशा वेळी ‘देणगीदारांना काय सांगायचे’ हा विचार आमच्या मुलीच्या मनात क्षणभरही येऊ नये, एवढ्यासाठीच ती अट आम्हाला नको आहे.

मोहिमेची आखणी तिने स्वतः केली आहे आणि मंडळातील अनुभवी सदस्यांनी ती तपासली आहे. ती अनुभवी मार्गदर्शकांच्या तुकडीबरोबर जाणार आहे. ओर्कोनेस खोऱ्यातून कोन्फ्लुएन्सिया येथे मुक्काम, तेथून सुमारे ४,३०० मीटरवरील प्लासा दे मुलास ही तळछावणी, आणि त्यानंतर वरच्या छावण्यांत सामान पोहोचवून पुन्हा खाली झोपायला येणे, असा क्रम आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवायचा, हा सर्वमान्य नियम तिने सामान्यतः पाळला आहे. जिथे दोन छावण्यांतील अंतरामुळे तो मोडतो, तिथे पुढे एक जादा मुक्काम घातला आहे. हे शिखर ज्या संरक्षित उद्यानात येते त्याचे डॉक्टर वाटेतील छावण्यांत रक्तातील प्राणवायू आणि रक्तदाब तपासतात आणि प्रकृती ठीक नसल्यास पुढे जाऊ देत नाहीत.

या आराखड्यात माथ्याच्या चढाईसाठी चार राखीव दिवस आहेत, आणि आपल्या देणगीचा खरा उपयोग तिथेच होणार आहे. पैसे कमी पडले की मोहिमेत पहिली कात्री राखीव दिवसांना लागते, कारण कागदावर ते रिकामे दिसतात. मग हवामान बिघडलेले असले तरी ‘आज नाही तर कधीच नाही’ म्हणून लोक निघतात. तंबूत बसून वारा पडण्याची वाट पाहायची तर त्या दिवसांचे अन्न, इंधन आणि मार्गदर्शकांचे मानधन आधी हातात असावे लागते. याशिवाय परवाना, विमानप्रवास, तळछावणीपर्यंत सामान नेणारी खेचरे आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च भागवणारा विमा, हे मोठे खर्च आहेत. प्रवासखर्चाचा काही भाग ती स्वतः शिकवण्या घेऊन उभा करीत आहे. बाबवार अंदाजपत्रक मंडळाच्या कार्यालयात कोणालाही पाहता येईल.

तिच्या सरावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून जिने चढते. वरच्या मजल्यावर गेल्यावर कॅन झाडांच्या कुंड्यांत रिकामे करते, हलकी सॅक घेऊन उतरते आणि खाली पुन्हा भरून घेते. वजन चढताना असावे आणि उतरताना गुडघ्यांवर येऊ नये, यासाठी ही युक्ती आहे. (कुंड्यांतील झाडे यंदा फार छान आहेत.) ही युक्ती आम्हाला उशिरा सुचली, हेही मान्य केले पाहिजे. चौथ्या महिन्यात आम्हीच तिचे वजन घाईने वाढवले, उतरताना तिचा गुडघा सुजला आणि सहा आठवडे वाया गेले. सुट्टीच्या दिवशी ती सहा-सात तासांची चाल करते, तीही चालता चालता सहज बोलता येईल इतक्याच वेगाने. जाड हातमोजे न काढता बुटांची नाडी बांधणे, क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे) चढवणे आणि स्टोव्ह पेटवणे याचा सराव ती घड्याळ लावून करते. पहिल्या दिवशी एका पायाचा क्रॅम्पॉन बसवायला तिला अकरा मिनिटे लागली होती, आता दोन्ही पायांचे काम चार मिनिटांत होते. हिमदंश बहुधा ‘जरा हातमोजा काढतो’ म्हणण्यातूनच होतो, त्यामुळे या मिनिटांना आम्ही फार महत्त्व देतो.

निधीइतकीच गरज साहित्याची आहे. अति उंचीवर वापरायचे दुहेरी बूट, उणे पंचवीस अंशांपर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग, पिसांचे जाड जाकीट आणि हेल्मेट यांपैकी जे आपल्याकडे पडून असेल ते मोहिमेपुरते उसने द्यावे. वस्तू घेताना तिची स्थिती दोघांसमक्ष लिहून पावती दिली जाईल. निधीतून जे साहित्य विकत घ्यावे लागेल ते मंडळाच्या मालकीचे राहील आणि पुढच्या विद्यार्थ्यांना वापरायला मिळेल.

आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांनी तिची निघण्यापूर्वीची तपासणी करावी आणि उंचीवरील आजारांची लक्षणे व औषधे यांविषयी तिच्याशी दोन-तीन बैठकांत बोलावे, अशी विनंती आहे. सुट्टीच्या लांब चालीत तिला सोबत करणारे आणखी दोघे-तिघे मिळाले तर हवेच आहेत. सध्या दर आठवड्याला तेच तिघे जण जातात आणि त्यांच्याही घरची मंडळी आता कुरकुरू लागली आहेत.

देणगी धनादेशाने किंवा मंडळाच्या बँक खात्यात जमा करून द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. मोहीम काही कारणाने रद्द झाली तर खर्च न झालेली रक्कम देणगीदारांना विचारून परत केली जाईल अथवा साहित्यनिधीत वळवली जाईल. ती माथा न गाठता परत आली तर मात्र मोहीम पूर्ण झाली असेच मंडळ धरेल. तपासलेला हिशेब आणि कोणत्या दिवशी, कोणत्या उंचीवरून, का परत फिरली याचा तिने लिहिलेला अहवाल तिच्या परतीनंतर दोन महिन्यांच्या आत प्रत्येक देणगीदाराला पाठवला जाईल.

बूट देणाऱ्यांसाठी एक सूचना : तिला नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे बूट हवे आहेत, कारण आत जाड मोजे घालावे लागतात आणि उंचीवर पाय सुजतात. विमानाचे आरक्षण होण्याआधी ते घालून निदान महिनाभर चालणे आवश्यक असल्याने, इतर साहित्य मागाहून दिले तरी चालेल, पण बूट शक्य तितक्या लवकर कार्यालयात पोहोचवावेत.

आपले नम्र,
मंडळाची कार्यकारिणी