सह्याद्री झोपलेला नाही, विझलेला आहे

संपादक महोदय,

कालच्या अंकात पहिल्या पानावर इथिओपियाच्या अफार भागातल्या हेली गुब्बी ज्वालामुखीच्या उद्रेकाची बातमी वाचली आणि सकाळपासून डोकं तापलंय. "12 हजार वर्षं झोपलेला ज्वालामुखी जागा झाला", हे कुणी ठरवलं? एवढ्या काळात त्याच्या उद्रेकाची नोंद नाही, इतकंच माहितीये. अफारच्या त्या ओसाड वाळवंटात नोंद ठेवायला होतं कोण? नोंद नाही म्हणजे उद्रेक झालाच नाही असं होत नाही ना!

माझी आई वाईला एकटी राहते, वय 78. बातमी वाचून तिचा फोन, "अगं, मांढरदेवचा डोंगर पण ज्वालामुखीचाच ना, तूच सांगितलं होतंस. मग तो पण उठेल का गं?" रात्री परत तोच प्रश्न. मी भूशास्त्र शिकलेय तरी तिला पटवताना माझा घसा सुकला, कारण बातमीशेजारच्या चौकटीत तुम्हीच छापलंय की सह्याद्रीही असाच झोपलाय!

असाच कसा? अफारमध्ये अरबी, न्युबियन आणि सोमाली अशा तीन प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, एकमेकींपासून लांब जातायत, कवच ताणून पातळ झालंय, खालून मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, वर येतो. 2005 मध्ये तिथेच दब्बाहू ज्वालामुखीजवळ सुमारे 60 किलोमीटर लांब पट्ट्यात मॅग्मा घुसला आणि जमीन काही ठिकाणी 8 मीटरपर्यंत फाकली. हेली गुब्बीच्याच रांगेतला एर्टा आले ज्वालामुखी जुलै 2025 मध्ये उसळला होता. म्हणजे ते सगळं क्षेत्रच जागं आहे, त्यात झोपेतून उठलेला राक्षस बिक्षस काही नाही. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण जागेवरून भारत तेव्हा सरकत होता ती आता पार हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. आपण तिथून हजारो किलोमीटर लांब आलोय. वज्रेश्वरी, उन्हवऱ्याचं गरम पाणी पण लाव्हाने तापत नाही, पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं.

आणि फोटो! लाल लाव्हाचं तळं छापलंय, ते एर्टा आलेचं आहे. ह्या वेळी राखेचा लोट उठला, तीच राख लाल समुद्र ओलांडून आपल्याकडे आली, विमानं रद्द झाली, आणि त्या राखेचा एक फोटो नाही.

चौकटीचा खुलासा पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. आईचा माझ्या फोनपेक्षा तुमच्या पेपरवर जास्त विश्वास आहे.

एक वाचक, पुणे