आईचा प्रश्न केस पेपरवर लिहून घेणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, नमस्कार.

ओपीडीची वेळ संपत आली होती, बाहेर रांग तशीच होती. तरी आईनं धीर करून विचारलं, "हाडात विरघळणारा मॅग्नेशियमचा स्क्रू निघालाय म्हणे. तो घालून माझा गुडघा सुधारेल का?"

याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात तिनं हेच विचारलं होतं. एक्स-रेवरची नजरही न काढता उत्तर आलं, "व्हॉट्सॲपवरचं इथं आणू नका." परतताना रिक्षात आई अवाक्षर बोलली नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र पेन उघडलंत. केस पेपरवर, बाकी नोंदींच्या वर, 'रुग्णाचा प्रश्न' असं लिहिलंत आणि तिचे शब्द जसेच्या तसे मराठीत उतरवून घेतलेत. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईचं म्हणणं आजवर कुणी असं कागदावर घेतलं नव्हतं. ती खुर्चीत सरळ होऊन बसली, ते मी पाहिलं.

मग तुम्ही सांगितलंत की आपल्या शरीरातलं निम्म्याहून जास्त मॅग्नेशियम हाडांतच असतं, म्हणून ही कल्पना खुळी नाही. 1907 साली बेल्जियमच्या लांबोत नावाच्या सर्जननी मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची पट्टी बसवली होती. ती आठ दिवसांत विरघळली आणि कातडीखाली वायू साठला. ही गोष्ट आईनं घरी येऊन सगळ्यांना सांगितली! आता मिश्रधातूचे स्क्रू हळू विरघळतात. 2013 मध्ये युरोपात मान्यता मिळालेला स्क्रू पायाच्या अंगठ्याचं वाकडं हाड सरळ करताना वापरतात. पण झिजलेल्या सांध्याखालचं हाड त्यानं सुधारतं का, हे अजून मुख्यतः प्राण्यांवरच तपासलं जातंय. "काकू, तुमच्या गुडघ्यासाठी आज ते माझ्याकडे नाही," असं तुम्ही स्पष्ट म्हणालात.

नकारच होता तो, पण आई हसत बाहेर आली. माणसाला माणूस म्हणून वागवायला काही वेगळी मशीन लागत नाही, आणि तरी ते किती दुर्मिळ झालंय! खोटी आशा विकणारे पुष्कळ भेटले, झिडकारणारेही भेटले. खरं सांगून मान राखणारे तुम्ही पहिलेच.

आई रोज गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तुम्ही दाखवलेला व्यायाम करते. दिवाळीनंतर उजवा गुडघा बदलून घ्यायचा, हे तिनं स्वतःच ठरवलंय. ऑपरेशन तुमच्याकडेच करायचं, असा तिचा हट्ट आहे.

मनापासून आभार, डॉक्टर.

तुमच्या एका रुग्णाची मुलगी