शूटिंगची तारीख ठरवायच्या आधी

बेटा,

तुही स्क्रिप्ट वाचली, तुह्या आईले पण वाचून दाखवली. गोष्ट लय चांगली हाये अन् ती आपल्याच वावरात शूट व्हाले पाह्यजे हेही पटलं. पण तू जे शेड्यूल पाठवलं त्याच्यात कापूस वेचणीचे सीन चौथ्या, नवव्या अन् अकराव्या दिवशी टाकले, ते जमणार नाही, म्हून एवढं सविस्तर लिहून राह्यलो.

पऱ्हाटी एकदा वेचली की वावर पांढरं राहत नाही. मांगं नुसतं वाळलेलं टोकदार टरफल राहते, अन् परत तसं फुटायले पंधरा-वीस दिवस जातात, तेही मधात पाणी नाही आलं तं. म्हणजे बाया चौथ्या दिवशी ज्या तासातून, म्हणजे ओळीतून, वेचत गेल्या ते तास नवव्या दिवशी कॅमेऱ्यात काळे दिसतीन, अन् तुह्या गोष्टीत तं ती एकच सकाळ हाये. म्हून वेचणीचं सगळं लागोपाठ दोन दिवसात घेजो, वाईड शॉट आधी, जवळचे मंग. पहिली वेच आपण तुह्या शूटिंगच्या दिवशीच सुरू करू, पहिल्या वेचीले करतात ती सीतादहीची पूजाही तवाच, ती खरीखुरी होईन, मांडून करा लागणार नाही. धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, बारा ओळीइले तुमचं काम होईपर्यंत कोणी हात लावणार नाही, रिटेक लागला तं तिकडे सरकता येईन.

तुही हिरोईन पुण्याची हाये ना, तिले चार दिवस आधी पाठव, आपल्या घरी राहीन. बाया दोन्ही हातानं वेचतात, हात एका बोंडावर अन् नजर पुढच्यावर. कापूस एका हिसक्यात पूर्ण निघाला पाह्यजे, अर्धा चिकटून राह्यला की आपल्याकडची कोणतीही बाई थिएटरात बसल्या बसल्या ओळखते का हे हिचं काम नाही. बोटाले टरफलं टोचतीन तिच्या, टोचू दे, मेकअपनं ते येत नाही.

आता पैशाचं. तुह्या बजेटमधे कॅमेरा, लेन्स, ड्रोन, एडिट सगळं हाये, वेचणाऱ्या बायाइचं नावच नाही. त्याइले किलोमागं मजुरी भेटते, संध्याकाळी काट्यावर जेवढं भरलं तेवढे पैसे. तुमची लाइट लागेपर्यंत त्या दोन तास उभ्या राह्यल्या तं तेवढा कापूस ओटीत कमी पडला. तुहा प्रोडक्शनवाला पोरगा फोनवर म्हणे, गावच्याच हायेत, काही म्हणणार नाही. मले ते आवडलं नाही. त्या खरंच काही म्हणणार नाही, म्हून तूच आधी लिहून ठेव, पूर्ण दिवसाच्या हजेरीचे पैसे तुह्याकडून, अन् वेचलेल्या कापसाचे मी देईन. ड्रोन एक दिवस कमी आण पाह्यजे तं. अन् सरकारी अनुदानाचे पैसे बजेटमधे धरू नको, ते पिक्चर सेन्सॉर झाल्यावरची गोष्ट हाये.

ते नऊ वर्षाचं पोरगं घेऊन राह्यली ना, त्याच्यासाठी २०१७ चे बालकामगारांचे नियम लागतात. दिवसाले पाच तासाच्या वर काम नाही, सलग तीन तासाच्या वर नाही, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, अन् त्याच्या मानधनातले कमीत कमी २० टक्के त्याच्या नावानं बँकेत एफडी. आपली बैलजोडी दाखवायची असन तं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधीच काढा लागते. आपलेच बैल, आपलंच वावर, तरी लागते, नाही तं पिक्चर सेन्सॉरले अडकते. हे अर्ज आजच टाक, बाकीचं नंतर पाह्य.

साउंडवाल्या पोराले सांगजो, आपल्याकडे शेतीची थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसा राहते अन् एक आठवडा रातची. रातची लाइन असते तवा दिवसा पाण्याच्या मोटारी बंद, डायलॉगचे सीन त्याच आठवड्यात बसव. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते, मंग डीजेपुढे कोणाचं चालत नाही. रातच्या जागलीच्या सीनमधे मात्र भोंगे वाजतीन, रानडुकरं हाकलाले लोकं कुत्र्याच्या भुकण्याचं रेकॉर्डिंग रातभर लावून ठेवतात. ते बंद करा म्हणून आपण कोणाले म्हणू शकत नाही बेटा, एका रातीत उभं पीक जाते. तो आवाज सीनमधे येऊ दे, जागल अशीच असते.

जेवणाचं पंधरा-वीस माणसाचं घरी होते, तुही आई अन् काकू करतीन, पण किराण्याचे पैसे अन् भांडे घासणाऱ्या बाईचे वेगळे धर.

कॅमेरावाल्याले घेऊन दिवाळीच्या आत रेकीले, म्हणजे जागा पाहाले, ये, सूर्य कुठून निघते अन् साडेपाचले कुठे बुडते ते त्याले डोळ्यानं पाहू दे. अन् तारीख पक्की झाली की त्याच दिवशी फोन कर, बायाइनं दुसऱ्याच्या वावरात हो म्हटलं तं मंग त्या भेटत नाही.

तुहा बाबा