गंमत हवी, पण कामाच्या वस्तूवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की आमच्याकडे चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर बाइक चालवायचे बेत शिजू लागतात. अमेरिकेतल्या 'आयर्न बट असोसिएशन'ची ही 'सॅडलसोर १०००' राइड. पेट्रोलच्या पावत्या तपासून ते सर्टिफिकेट देतात. कराडहून निघालेली पोरं बंगळुरू ओलांडून कृष्णगिरीच्या पुढून परत फिरतात. निघताना मित्रमंडळी हातात गमतीचं 'इमर्जन्सी किट' ठेवतात: लहान बाळाचा डायपर, चोखणी, लिंबू-मिरची. हशा होतो, फोटो निघतात आणि किट घरीच राहतं.

माझं हायवेलगत स्पेअर पार्टचं दुकान आहे. असे डबे मीही भरून देतो, म्हणून हे लिहितोय. गंमत हवीच, एकट्याने रात्रभर गाडी हाकणाऱ्याला हसू फार लागतं. पण ती कामाच्या वस्तूवर चिकटवलेली हवी.

माझ्या डब्यात कपड्याच्या साबणाची अर्धी वडी असते. वर चिठ्ठी: 'आंघोळीसाठी नाही.' टाकीला बारीक भोक पडून पेट्रोल झिरपू लागलं, तर इंजिन बंद करून, गार होऊ देऊन त्या जागी कोरडा साबण दाबून घासायचा. पुढच्या गावातला मेकॅनिक गाठेपर्यंत गळती थोपते. एका पोराने चित्रदुर्गाच्या अलीकडे रात्री हेच केलं. फोनवर आधी चिठ्ठी वाचून दाखवली, मग टाकीचं सांगितलं. एम-सीलच्या पुडीवर 'आधी मळा, मग रडा' लिहितो, कारण इंजिनच्या केसिंगला दगड लागून चीर गेली की माणूस घाबरून बसतो. जादा क्लच केबल डब्यात ठेवत नाही, जुन्या केबलच्या शेजारूनच टाय मारून ओढून देतो. तुटली की फक्त टोकं बदलायची. ट्यूबलेस पंक्चरच्या पट्ट्या, फ्यूज, ओआरएस, घामोळ्यांची पावडर या गोष्टी हव्यातच. आणि आपल्या वर्तमानपत्राचा एक अंक: 'बातम्या छातीशी धरा.' पहाटेच्या गारठ्यात जॅकेटच्या आत घातलेला कागद वारा चांगला अडवतो.

पण डब्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे चिकटपट्टीने घट्ट बांधलेली एक पुडी. ती चालत्या गाडीवर उघडता येत नाही, हातमोजे काढावेच लागतात. वर लिहिलेलं असतं: 'डोळे जड झाले तरच उघड.' आत कॉफीची पुडी, आल्याची वडी आणि त्याच्या आईच्या किंवा बायकोच्या हातची चार ओळींची शिवीगाळ. ती वाचून प्रत्येक जण हसतो. हसला म्हणजे गाडीवरून उतरला. मग कॉफी घ्यायची आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. उठेपर्यंत कॉफी अंगात भिनू लागते.

हिशेब साधा आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नाही म्हटलं, तर १६१० किलोमीटरला वीस तास निव्वळ चाकावर जातात. घाट, गावं, ट्रकच्या रांगा धरल्या तर त्याहून जास्त. उरलेल्या चार तासांतच पेट्रोल, जेवण आणि विश्रांती बसवायची, त्यामुळे पोरं झोपेत काटछाट करतात. ८० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी सहासष्ट-सदुसष्ट मीटर सवारीविना धावते. पहाटे दोन ते पाच ही वेळ त्यासाठी सगळ्यात वाईट. सर्टिफिकेट पुढच्या वर्षीही मिळतं, हे मी प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहितो.

माझी बाइक ग्रुपच्या मंडळींना कळकळीची विनंती आहे. यंदा चोखणीचे पैसे वाचवा आणि राइडरच्या घरच्यांकडून ती चार ओळींची चिठ्ठी लिहून घ्या. डबा भरायला दुकानात या. सामानाचे पैसे घेईन, भरून द्यायचे नाही.

आपला,
एक स्पेअर पार्ट विक्रेता, कराड